पानाच्या डाव्या बाजूचे मीठ: कुंडीतल्या पानांपासून सुवासिक मीठ कसे करावे

आपल्याकडे पान वाढायला घेतले की सर्वांत आधी मीठ वाढले जाते आणि त्यापाठोपाठ डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर येते. जेवणारा त्या चिमूटभर मिठातून स्वतःच्या जिभेप्रमाणे थोडेसे उचलतो, वरणभातावर किंवा काकडीच्या कापावर घालतो आणि लगेच खातो. त्यामुळे ते मीठ पदार्थात विरघळून नाहीसे होत नाही. त्याचा कण दाताखाली येतो आणि चव क्षणभर उजळते. पाश्चात्त्य स्वयंपाकात ‘फिनिशिंग सॉल्ट’ म्हणून जे ओळखले जाते, त्याचे कामही नेमके हेच असते. त्याच मिठात घरच्या कढीपत्त्याचा, पुदिन्याचा किंवा गवती चहाचा वास मुरवावा, तो वर्षातले काही महिने टिकावा आणि त्यासाठी बाजारातली महागडी बाटली आणावी लागू नये, यासाठी काय करावे लागते ते या लेखात क्रमाने सांगितले आहे.

मीठ आणि ओला पाला एकत्र वाटण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. उत्तराखंडातील कुमाऊँ आणि गढवाल भागांत ‘पिस्यूं लूण’ करतात. त्यात मीठ, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर असे जिन्नस पाट्यावर एकत्र वाटून ते काकडीला किंवा लिंबूवर्गीय फळांना लावून खातात. आपल्याकडे कैरीला आणि पेरूला तिखटमीठ लावतात, तेही याच जातीचे. नवशिक्याला म्हणूनच यात परके असे काही शिकावे लागत नाही. शिकायच्या गोष्टी दोनच आहेत: पान पूर्ण वाळवणे आणि प्रमाण पाळणे. बिघडलेले मीठ बहुतेक वेळा या दोहोंपैकी एका ठिकाणी बिघडलेले असते.

मीठ कोणते घ्यावे

रोजचे बारीक मीठ या कामाला फारसे उपयोगी पडत नाही. त्याचे दाणे इतके बारीक असतात की ते पदार्थावर पडताच विरघळतात, आणि पानाच्या चुऱ्याबरोबर मिसळले तर बरणीत तळाशी जाऊन बसतात. खडे मीठ आणून ते खलबत्त्यात कुटावे. दाणा रव्याहून जाड आणि साबुदाण्याहून बारीक राहिला पाहिजे. मिक्सर वापरायचा असेल तर तो एकेका क्षणासाठी फिरवून थांबवावा, कारण सलग फिरवल्यास अर्ध्या मिठाचे पीठ होते आणि अर्धे खडे तसेच राहतात.

उरण, पेण, वसई या भागांतील मिठागरांचे खडे मीठ चवीला भरीव असते, पण ते नवे असेल तर त्यात मॅग्नेशियमचे क्षार थोडे जास्त असतात. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात आणि जिभेला किंचित कडूही लागतात. मीठ ढिगात काही महिने राहिले की यातला बराच भाग पाझरून निघून जातो, म्हणून जुने मीठ बरे. भारतात थेट खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास मे २००६ पासून बंदी आहे. पाकिटातले आयोडीनयुक्त खडे मीठ सहज मिळते आणि नवशिक्याने तेच घ्यावे असे माझे मत आहे. सैंधव चालते. काळे मीठ मात्र या कामासाठी टाळावे, कारण त्याच्या गंधकाच्या वासापुढे पुदिना किंवा गवती चहा टिकत नाही.

ज्यांना थोडी अधिक खटपट करण्याची हौस आहे, त्यांनी उन्हाळ्यात एक प्रयोग अवश्य करावा. एक लिटर पाण्यात साधारण ३५० ग्रॅम खडे मीठ विरघळवावे. खोलीच्या तापमानाला पाणी जवळपास एवढेच मीठ सामावून घेते. हे पाणी दुहेरी मलमलीतून गाळले की मिठागरातली बारीक माती फडक्यात राहते. मग ते पसरट स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ओतून, अगदी मंद आचेवर, उकळी फुटू न देता ठेवावे. काही वेळाने पाण्याच्या पृष्ठभागावर आधी टाचणीच्या टोकाएवढे चौकोनी ठिपके तरंगू लागतात. ठिपक्याच्या कडांना नवे मीठ चिकटत जाते, तो स्वतःच्या वजनाने किंचित खाली बसतो, त्याच्या वरच्या कडेला पुन्हा एक चौकट वाढते, आणि अशा पायऱ्या चढत जाऊन शेवटी उलट्या ठेवलेल्या पोकळ पिरॅमिडसारखा कण तयार होतो. तो झाऱ्याने अलगद उचलून फडक्यावर निथळत ठेवावा. हा कण दाताखाली कुरकुरतो आणि लगेच विरतो. एवढ्या मेहनतीतून हाती मूठ-दोन मुठीच लागतात, पण बारीक पानांच्या चुऱ्याबरोबर याच्याइतके चांगले मीठ मला दुसरे मिळालेले नाही.

कोणती पाने, आणि ती केव्हा खुडावीत

कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, लिंबाची पाने, तुळस आणि पानओवा ही घरच्या कुंडीत सहज येणारी झाडे या कामाला उत्तम आहेत. कोथिंबीर मात्र सुकवण्याच्या भानगडीत पडू नये. तिचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो ती वाळताना उडून जातात आणि मागे गवतासारखा चुरा उरतो. शोभेच्या झाडांची किंवा ओळख न पटलेली पाने कधीही वापरू नयेत. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेले असू शकते; अशा रोपाची जुनी पाने वापरू नयेत, ते काही आठवडे आपल्याकडे वाढू द्यावे आणि नव्या फुटीची पाने घ्यावीत.

पान खुडण्याची उत्तम वेळ म्हणजे दव वाळल्यानंतरची आणि ऊन तापण्यापूर्वीची सकाळ. पुदिना आणि तुळस फुलोऱ्यावर येण्याआधी खुडावी. पावसाळ्यात पाने भरपूर असतात, पण ती पाणचट असतात आणि वाळतही नाहीत, म्हणून हे काम दसऱ्यानंतर सुरू करावे आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत आटोपावे. कढीपत्ता थंडीत मंदावतो. त्याची पाने दिवाळीच्या सुमारास किंवा चैत्रातली नवी पालवी गडद हिरवी झाल्यावर काढावीत. कोवळ्या, पोपटी पानांना वास कमी असतो.

कढीपत्त्याचे एक पान उजेडापुढे धरून पाहावे. हिरव्या पातीत टाचणीने टोचल्यासारखे असंख्य पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या गाठी आहेत आणि वास तिथे साठवलेला असतो. लिंबाच्या पानातही असेच ठिपके दिसतात, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत. पुदिन्याचे तसे नाही. त्याचे तेल पानाच्या पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म ग्रंथींमध्ये असते, म्हणून नुसता हात फिरवला तरी बोटांना वास लागतो. या एका फरकामुळे दोन्हींची हाताळणी वेगळी होते. कढीपत्त्याचे तेल पानाच्या आत असल्यामुळे तो धुताना, पुसताना, वाळवताना फारसे नुकसान होत नाही, तर पुदिना चोळून धुतला किंवा पंचात पिळला की निम्मा वास मोरीत जातो.

वाळवण उन्हातले नव्हे, सावलीतले

पापड-कुरडयांना कडक ऊन लागते, म्हणून पानेही गच्चीवर उन्हात टाकावीत असे आपल्याला सहज वाटते. ते करू नये. उन्हात पानाचा हिरवा रंग फिका पडतो आणि तापलेल्या पानातून सुवासिक तेल उडून जाते. पानांना हवी असते ती सावली आणि खेळती हवा.

पाने पाण्याने भरलेल्या पातेल्यात बुडवून दोन-तीन वेळा अलगद वरखाली करावीत, निथळावीत आणि कोरड्या सुती पंचावर एक पदर होईल अशी पसरून तासभर पंख्याखाली ठेवावीत. वरचे पाणी पूर्ण गेले की ती सुपात किंवा चाळणीवर पसरून, वर पातळ मलमल झाकून, घरातल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवावीत आणि रोज एकदा हलवावीत. चाळणीला खालूनही हवा लागते, म्हणून ताटापेक्षा ती बरी. कोरड्या हवेत कढीपत्ता आणि पुदिना साधारण तीन ते पाच दिवसांत वाळतो. किनारपट्टीवर राहणाऱ्यांना आणखी दिवस लागतील. ओव्हन असेल तर तो सर्वांत कमी तापमानावर, ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून, दार किंचित उघडे राहील असे करून दीड-दोन तासांत काम होते. मायक्रोवेव्हमध्येही पाने वाळतात, परंतु ती एकाच वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नयेत आणि शेजारून हलू नये, कारण वाळत आलेले पान पाहता पाहता करपते, प्रसंगी पेटते.

पान वाळले की नाही हे रंगावरून ठरवू नये. पान बोटांत धरून दुमडावे. वाकले तर ते ओले आहे. मधली शीर ‘टक्’ असा आवाज करून मोडली आणि बाकीचे पान चुरगळून पडले, तरच ते वाळले. घरात वजनकाटा असेल तर त्याहून खात्रीची कसोटी मिळते. कढीपत्त्यात साधारण दोन तृतीयांश पाणी असते, म्हणून ६० ग्रॅम ताज्या पानांची जेमतेम २० ग्रॅम कोरडी पाने झाली पाहिजेत. पुदिन्यात पाणी बरेच जास्त असते; त्याच्या १०० ग्रॅम पानांचे १५ ग्रॅमच्या आसपास उरतात. मी पहिल्या वर्षी पुदिना वरवर कोरडा दिसला म्हणून घाईने मिठात मिसळला. आठ दिवसांत बरणीच्या तळाशी काळपट ओला थर बसला, झाकण उघडताच कुबट वास आला आणि पाव किलो मीठ टाकून द्यावे लागले. तेव्हापासून शीर मोडून पाहिल्याशिवाय मी एकही पान मिठात घालत नाही.

पहिला प्रयत्न: कढीपत्त्याचे मीठ

नवशिक्याने सुरुवात कढीपत्त्याने करावी. ते पान वाळवणे सोपे आहे, वास टिकाऊ आहे आणि आपल्या जेवणातील बहुतेक पदार्थांवर ते शोभते.

डहाळीवरून काढलेली ६० ग्रॅम ताजी, गडद हिरवी पाने वर सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवावीत. १०० ग्रॅम खडे मीठ कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावे, जेणेकरून त्यातला ओलावा जाईल, आणि ताटात पसरून पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम मिठात पाने घातल्यास त्यांना घाम सुटतो आणि केलेले वाळवण वाया जाते. थंड झालेल्या मिठातले दोन चमचे मीठ आणि सगळी पाने खलबत्त्यात घालून कुटावीत. मिठाचे टोकदार कण पानांना कापत जातात, त्यामुळे नुसती पाने कुटण्यापेक्षा हे काम लवकर होते आणि फुटलेल्या गाठींतले तेल थेट मिठाला लागते. काही क्षणांतच मीठ पांढरे राहत नाही. त्याच्यावर फिकट शेवाळी झाक चढते. चुरा रव्याइतका झाला की तो चाळून घ्यावा, चाळणीवर राहिलेल्या शिरा काढून टाकाव्यात आणि मग उरलेले मीठ घालून दोन-चार हलके घाव द्यावेत, म्हणजे दाणा फार बारीक होणार नाही.

लगेच चव घेऊन निराश होऊ नये. पहिल्या दिवशी पान वेगळे आणि मीठ वेगळे लागते. बरणीत आठवडाभर राहिल्यावर ते एकजीव होते.

वजनाने एक भाग वाळलेले पान आणि पाच भाग मीठ हे प्रमाण इथे पायाभूत मानावे. पान वाढवल्यास त्या मिठाची चटणी होऊ लागते, कमी केल्यास वास लागत नाही. एका बरणीत एकच पान असावे, असे मी आग्रहाने सुचवेन. चार-पाच पाने एकत्र केली की कोणत्याच पानाची ओळख उरत नाही, आणि काही बिघडले तर ते कशाने बिघडले हेही कळत नाही. तिखट हवे असेल तर कढीपत्त्याबरोबर एक कडकडीत वाळलेली लाल मिरची चालते.

पुदिना: ओल्या पद्धतीने

पुदिन्याचा ताजेपणा वाळलेल्या पानात पूर्ण उतरत नाही, म्हणून त्यासाठी दुसरी पद्धत वापरावी. ३० ग्रॅम ताजी, धुऊन पंख्याखाली कोरडी केलेली पाने आणि १५० ग्रॅम कुटलेले खडे मीठ घ्यावे. हवी तर एक हिरवी मिरची बिया काढून घ्यावी. अर्धे मीठ आणि पाने एकत्र कुटायला घेतली की मीठ पानातले पाणी बाहेर ओढते आणि सगळे मिश्रण ओल्या हिरव्या वाळूसारखे होते. उरलेले मीठ मिसळून ते काचेच्या किंवा स्टीलच्या ताटात अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड थर होणार नाही असे पसरावे. ॲल्युमिनियमचे किंवा तांब्या-पितळेचे भांडे अजिबात वापरू नये, कारण ओले मीठ धातू खाते. सावलीत, पंख्याखाली, दिवसातून तीन-चार वेळा काट्याने मोडत राहिल्यास दोन-तीन दिवसांत ते कोरडे होते. वरची पापडी फसवी असते. ती मोडून आतला भाग बोटाने चाचपावा. कोरडे झाल्यावर आलेले गोळे पुन्हा हलक्या हाताने कुटून घ्यावेत. रंग सुरुवातीच्या पोपटी छटेवरून काहीसा ऑलिव्हसारखा होईल. त्यात बिघाड नाही.

तुळशीलाही हीच पद्धत लागू पडते, फक्त तिचा वास उग्र असल्यामुळे पाने निम्मी घ्यावीत.

गवती चहा, लिंबाचे पान आणि पानओवा

गवती चहाची पात चिवट असते आणि तिच्या कडा धारदार असतात. कितीही कुटली तरी धागे राहतात व ते घशाला टोचतात, म्हणून पान मिठात ठेवू नये, केवळ त्याचा वास मिठात उतरवावा. पात कात्रीने बोटाएवढी कापून वरवंट्याने किंचित ठेचावी, पंख्याखाली अर्धा दिवस सुकू द्यावी आणि बरणीत मिठाचा एक थर, पातीचा एक थर असे रचत जावे. दहा-बारा दिवसांनी मीठ चाळून पात काढून टाकावी. मीठ ओलसर वाटले तर ताटात पसरून पुन्हा कोरडे करावे. लिंबाच्या पानांनाही हीच रीत चांगली. कागदी लिंबाची साल फार पातळ असते. ती किसताना आतला पांढरा कडू भाग हटकून येतो, त्यापेक्षा त्याच झाडाचे पान घेतलेले बरे.

पानओवा, म्हणजे ज्याची आपण भजी करतो ते जाड, लवदार पान, पाण्याने इतके भरलेले असते की सावलीत वाळण्याआधीच काळे पडते. त्याला ओली पद्धतच लावावी, एक भाग पानाला आठ भाग मीठ घ्यावे आणि शक्य असल्यास ओव्हनमध्ये कोरडे करावे.

बरणी आणि पावसाळा

शुद्ध मीठसुद्धा हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून ओले होऊ लागते, आणि आपल्या पावसाळ्यात हवा दिवसचे दिवस त्याहून दमट असते. त्यामुळे एका मोठ्या बरणीऐवजी ५० ग्रॅमच्या लहान काचेच्या बाटल्या भराव्यात आणि एका वेळी एकच उघडावी. झाकण प्लॅस्टिकचे किंवा रबरी कड्याचे असावे, पत्र्याचे झाकण गंजते. मलमलीच्या चिंधीत चमचाभर कोरडे भाजलेले तांदूळ बांधून ती पुरचुंडी बाटलीत ठेवावी. बाटली शेगडीजवळच्या फळीवर ठेवू नये, कारण तिथे रोजची वाफ लागते. उजेडानेही रंग आणि वास जातो, म्हणून ती बंद कपाटात राहावी. बाटलीवर पानाचे नाव आणि तारीख लिहावी. कोरड्या पद्धतीचे मीठ सहा महिने आणि ओल्या पद्धतीचे तीन महिने चांगले राहते. त्यानंतर ते खराब होतेच असे नाही, परंतु वास उतरतो. कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर वरचा भाग काढून उरलेले वापरण्याचा मोह धरू नये, सगळे टाकून द्यावे.

कशावर, किती आणि केव्हा

हे मीठ फोडणीत किंवा शिजणाऱ्या आमटीत घालू नये. तिथे वास वाफेबरोबर जातो आणि कणही विरघळतो. पदार्थ पानात आल्यावर, पहिला घास घेण्याच्या क्षणी ते दोन बोटांत धरून वीतभर उंचीवरून भुरभुरावे, म्हणजे एका जागी ढीग होत नाही. काकडी, टोमॅटो आणि कलिंगड यांना तर आधी मीठ लावून ठेवूच नये, कारण काही मिनिटांत पाणी सुटते.

कढीपत्त्याचे मीठ मऊ गरम भात आणि तुपावर, दहीभातावर, लोण्याचा गोळा ठेवलेल्या थालिपिठावर घ्यावे. पुदिन्याचे ताकात, कलिंगडावर आणि पेरूच्या फोडींवर चांगले लागते. गवती चहाचे मीठ तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या सुरमईच्या तुकडीवर किंवा उकडलेल्या अंड्यावर एकदा घालून पाहावे. पानओव्याचे मीठ भाजलेल्या मक्याच्या कणसासाठी राखून ठेवावे. त्यावर आधी लिंबू चोळावे आणि मग मीठ लावावे, म्हणजे ते दाण्यांना धरून राहते.

ज्या पदार्थावर हे मीठ घ्यायचे आहे, तो शिजवताना त्यात नेहमीपेक्षा कमी मीठ घालावे. पानांचा वास लागला तरी मीठ ते मीठच असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा थोड्या कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे आणि ही चिमूटही त्यातच मोजायची आहे. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांनी घालून दिलेले माप पाळावे. त्यांच्यासाठी वाळलेल्या कढीपत्त्याचा बिनमिठाचा चुरा एका वेगळ्या बाटलीत भरून ठेवावा, म्हणजे पंगतीत त्यांच्या पानाची डावी बाजू रिकामी राहत नाही.